देणगीसाठी सायकल: मांडवा ते शिरोडा, पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

आमच्या सहा जणांत एकही खेळाडू नव्हता. दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, औषधाच्या दुकानात काम करणारा एक मुलगा, माझी बहीण आणि मी. तिघांनी तर दहावीनंतर सायकलला हात लावला नव्हता. तरी आम्ही जानेवारीत मांडव्याहून निघालो आणि कोकण किनाऱ्यानं नवव्या दिवशी संध्याकाळी शिरोड्याला पोचलो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेसाठी ही सायकलफेरी होती. दिवाळीच्या आसपास आईवडील कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात राहायची सोय झाली तर मुलांची शाळा टिकते, नाहीतर पोरं उसाच्या फडावर जातात आणि वर्ष बुडतं. आम्ही निघालो तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात होता.

तेव्हापासून बरेच जण विचारतात की आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू? सगळ्यांचा पहिला प्रश्न सायकलचा असतो, कुठली घेऊ म्हणून. माझं उत्तर असं की सायकल तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येते. पाय तीन महिन्यांत तयार होतात. लोक आपल्या भरवशावर पैसे देणार असतात, म्हणून पैशाची बाजू आधी लावून घ्यायची.

आधी संस्था, मग रस्ता

संस्था अशी निवडा जिथं तुम्ही स्वतः जाऊन अर्धा दिवस बसला आहात. स्वयंपाकघर बघा, काम करणाऱ्यांशी बोला, नेमकी गरज काय आहे ते विचारा. ‘मुलांच्या शिक्षणासाठी मदत’ एवढ्यावर कुणी पाकीट उघडत नाही. ‘चाळीस मुलांचा महिन्याचा किराणा’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोती उभी राहतात.

कागदपत्रं मागायला संकोच करू नका, चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून लागणारी, ‘८०-जी’ या नावानं ओळखली जाणारी आयकर खात्याची मान्यता, एवढं बघाच. टाळाटाळ झाली तर नम्रपणे दुसरी संस्था शोधा.

पैसा आपल्या हातातून जाऊ द्यायचा नाही

आमचा नियम एका वाक्याचा होता: फेरीचा खर्च आपल्या खिशातून आणि देणगीचा प्रत्येक रुपया थेट संस्थेच्या खात्यात. स्वतःचा यूपीआय क्रमांक देऊन पैसे गोळा करणं सोपं वाटतं, पण ते करू नका. तुमचे हेतू स्वच्छ असले तरी महिन्याभरानं कुणाचे किती आले याचा गुंता होतो आणि संशयाला जागा उरते. शिवाय गणपती मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते हे आपल्याला ठाऊक असतं. नोंदणी नसलेले सहा सायकलस्वार तरी वेगळे कोण? संस्थेचाच खाते क्रमांक, संस्थेचाच क्यूआर कोड आणि पावतीही संस्थेचीच. व्यवहाराच्या शेऱ्यात फेरीचं नाव लिहायला सांगा, म्हणजे तुमच्यामुळे किती जमले ते संस्थेला कळवता येतं.

देणगीदार करासंबंधी हमखास विचारतात, म्हणून एवढं पाठ असू द्या. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मिळत नाही. आणि नुसती पावती पुरत नाही. संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांचा तपशील भरते आणि त्यावरून प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी पॅन लागतो. तो देणगीच्या वेळीच घ्या. मार्चअखेर शंभर जणांच्या मागे लागणं फार थकवणारं असतं, आम्ही ते केलंय.

परदेशातले नातेवाईक हा वेगळा विषय. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस तिकडून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्याचा पासपोर्ट अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा झाला, त्याच्याकडून पैसे घ्यायला संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. हे न बघता पैसे घेतले तर अडचणीत संस्था येते. आम्हाला अशा दोन देणग्या नाकाराव्या लागल्या आणि दोघांनीही समजून घेतलं.

फेरीचा खर्च आम्हाला माणशी चौदा हजारांच्या आसपास आला: घरगुती राहणं-जेवण, बोटीची तिकिटं, परतीचा प्रवास, थोडी दुरुस्ती. टी-शर्ट छापले नाहीत आणि मागे गाडी ठेवली नाही. गाडी ठेवण्यात गैर काही नाही. गटात साठीच्या पुढचे दोघं-तिघं असतील तर ती असावीच. पण डिझेल आणि चालकाचा खर्च देणगीतून जाणार नाही, हे देणगीदारांना आधी सांगा.

मागायचं कसं

सुरुवातीला आम्ही एक छान मजकूर लिहून मोठमोठ्या व्हॉट्सॲप गटांवर टाकला. सव्वादोनशे जणांच्या एका गटातून पाच दिवसांत तीन देणग्या आल्या. अंगठे मात्र भरपूर. मग काकांनी सुचवलं की रोज संध्याकाळी प्रत्येकानं फक्त चार फोन करायचे. फोनवर तीनच गोष्टी सांगायच्या: मी काय करतेय, कुणासाठी, आणि तुम्ही किती दिलेत तर त्यात काय होईल. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. आपण घाईनं ‘नाही जमलं तरी चालेल हं’ म्हणतो आणि समोरच्याची सुटका करतो. दोन महिन्यांत आलेल्या रकमेतली बहुतेक या फोनांतून आली. आमच्या वाण्यानं ५०१ दिले आणि नंतर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तोच आमची गोष्ट सांगायला लागला.

सायकलचा उपयोग इथे होतो. लोकांना गोष्ट लागते, आणि कुणीतरी अंगमेहनत करतंय म्हटलं की ते कान देतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले. त्यांच्या संघाच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्राइबल्स’ हे शब्द होते, त्यामुळे शर्यतीची बातमी जिथं गेली तिथं आदिवासींचं नावही गेलं. आपण साडेपाचशे किलोमीटरच जाणार असलो तरी रीत हीच.

एक विनंती मनापासून करते. मदत मिळावी म्हणून मुलांचे केविलवाणे फोटो फिरवू नका. ती मुलं उद्या मोठी होणार आहेत आणि तो फोटो त्यांच्या मागे राहणार आहे. आम्ही वसतिगृहाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेल्या आठवड्याच्या जेवणाच्या फळ्याचा फोटो वापरला. त्यावर गुरुवारसमोर ‘पिठलं, भात, काकडी’ असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. तेवढा एक फोटो पुरला.

सायकल

नवी घ्यायलाच हवी असं नाही. मित्राची, भावाची, धूळ खात पडलेली हायब्रिड सायकल (रोड आणि माउंटन यांच्या मधली) उत्तम. अट दोन गोष्टींची: मापात बसायला हवी आणि चढासाठी हलका गिअर हवा. कोकणात मागच्या चाकाची मोठी चक्री ३२ किंवा ३४ दात्यांची असेल तर गुडघे दुवा देतात. टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे ठेवा. अगदी बारीक टायर जांभ्याच्या खडीवर घसरतात आणि माउंटन सायकलचे जाड गोट्यांचे टायर डांबरावर दमवतात.

सीटची उंची अशी बघा: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल पार खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलायला नको. मग चालवताना पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. नवशिक्यांची सीट जवळजवळ नेहमी खाली असते, कारण बसल्या जागी पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. त्याचा हिशेब चौथ्या दिवशी गुडघा चुकता करतो.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. काही चुकलं असेल तर ते कळायला मधे दोन-तीन फेऱ्या व्हायला हव्यात. ब्रेकचे रबर किंवा पॅड नवे टाका. सामान पाठीवर घेऊ नका, कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पिशव्या लावा. माझं सामान सात किलो होतं. त्यातलं दीड किलो मी गुहागरहून कुरिअरनं घरी पाठवलं.

तीन महिन्यांची तयारी

चाळिशी ओलांडली असेल किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे औपचारिकता म्हणून नाही. आमच्या काकांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली, म्हणून ते पूर्ण फेरी करू शकले.

पहिला महिना आठवड्यातून तीनदा, दर वेळी पंधरा-वीस किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगात. दुसऱ्या महिन्यात रविवारची फेरी दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत पन्नासवर न्या आणि एखादा चढ परत परत करा. तिसऱ्या महिन्यात खरी परीक्षा: शनिवारी साठ आणि रविवारी पुन्हा साठ, पूर्ण सामानासह. एका दिवसात शंभर किलोमीटर मारणं आणि रोज साठ असे नऊ दिवस जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या बुडानं पुन्हा सीटवर बसता येतं का, हे आधी घरी कळलेलं बरं. शेवटच्या आठवड्यात हलकं चालवा, झोप काढा.

पॅडवाली सायकलची चड्डी दोन नग घ्या. तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवण घासून जखम होते. मांड्यांच्या वरच्या भागाला व्हॅसलिन लावा आणि चड्डी रोज रात्री धुवा. हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही आणि माणसं तिसऱ्या दिवशी घरी परततात.

रस्ता

मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला जा, तासाभरात सायकलसकट उतरता. तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. पुढे चार खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. त्यानंतर गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा. ज्यांना गोव्यात पाऊल ठेवायचंय त्यांनी शिरोड्याहून रेडीमार्गे तेरेखोलला जाऊन तिथली खाडी ओलांडून केरीला उतरावं. मुंबई-गोवा महामार्ग नकाशावर सरळ दिसला तरी ट्रकांच्या गर्दीत नवख्यांनी जाऊ नये.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा मोठा गैरसमज आहे. गाव खाली समुद्राला टेकलेलं आणि दोन गावांच्या मधे सडा, म्हणजे उंचावरचं कातळाचं पठार. तेव्हा नारळी-पोफळीतून निघायचं, दोन-तीन किलोमीटर उभा चढ चढून वर कातळावर यायचं, थोडं वारं खायचं आणि पुन्हा सगळी उंची उतरून पुढच्या खाडीशी. दिवसातून चार-पाचदा. म्हणून रोजचा टप्पा पंचावन्न ते सत्तरच्या मधे ठेवा, मग सपाटीवर तुम्ही कितीही जात असा. चढ ढकलत चढण्यात काही कमीपणा नाही, हेदवीच्या पुढे आम्ही सहाही जण उतरलो होतो.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबा. वळणापलीकडून एसटी येतेय असं धरूनच चाला आणि घंटी वाजवा. फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर सायकल हातात धरून चालत जा. ती ओली आणि शेवाळलेली असते. बोटीच्या वेळा आदल्या मुक्कामी विचारून ठेवा. शेवटची बोट चुकली तर वळसा पुढच्या पुलाचा आणि अंधाराचा. अंधारात चालवायचंच नाही, साडेपाचला मुक्काम गाठायचा असा नियम करा.

महिना जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. पावसाळ्यात खाडी खवळते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दमट ऊन जीव काढतं, आणि नाताळ ते ३१ डिसेंबर किनाऱ्यावर इतक्या गाड्या असतात की राहायला जागा मिळत नाही आणि रस्त्यावर धडकी भरते.

रोजचा दिवस

पहाटे उजाडताच निघा आणि अकराच्या आत दोन तृतीयांश टप्पा संपवा. न्याहारीला पोहे, घावणे, उसळ-पाव जे मिळेल ते, पण पोटभर. सायकलवर दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका: केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. भूक कडाडून लागल्यावर खाल्लं तर ते अंगी लागेपर्यंत अर्धा तास पाय उचलत नाहीत. पाणी घोट घोट. उन्हात फार घाम गेला की नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मिठाचा अंदाज चुकवू नका. बाकी कोकम सरबत, ताक आणि शहाळी रस्ताभर आहेतच. दुपारी माशाच्या ताटाचा मोह होतो, तो रात्रीवर ढकला.

पंक्चर होणारच, तेव्हा प्रत्येकाला ते काढता आलं पाहिजे. आंजर्ल्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. मी चाक काढलं, नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. घाईत टायर तपासलाच नव्हता. त्या वेळी रस्त्याकडेच्या एका आजीनं मला पडवीत बसवलं, पाण्याची घमेली आणून ठेवली आणि म्हणाली, “बाय, आधी काटा शोध.” काढलेली ट्यूब फुगवून पाण्यात धरली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजलं आणि आतून फडकं फिरवलं. फडकं अडलं. बाभळीचा काटा आत जेमतेम दोन मिलिमीटर आला होता, बाहेरून दिसतही नव्हता. नखांनी निघेना, आजीनं चिमटा दिला. म्हणून टायर नेहमी असा बसवा की त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल. मग ट्यूबचं भोक सापडलं की काट्याची जागा लगेच कळते. जवळ दोन ट्यूब, ठिगळं आणि सोल्यूशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप, ॲलन चाव्यांचा संच आणि एक छोटा चिमटा.

खाऱ्या हवेनं चेन दोन दिवसांत तांबूस होते. मुक्कामी पोचल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून थेंब थेंब तेल द्या, पाच मिनिटांचं काम आहे. दुखणं दोन प्रकारचं: मांड्या-पोटऱ्या जड होणं ठीक, ते रात्रीत उतरतं. गुडघ्यात एकाच जागी टोचायला लागलं की थांबा आणि सीट बघा. कमी झालं नाही तर पुढचा टप्पा एसटीनं करा. औषधाच्या दुकानातल्या आमच्या मित्रानं मालवण ते वेंगुर्ला तसं केलं आणि देणगीदारांना तसंच कळवलं. त्या संध्याकाळी त्याच्या नावावर आणखी दोन देणग्या आल्या.

रोज रात्री देणगीदारांना चार ओळी पाठवा: आज कुठून कुठे, काय पाहिलं, आतापर्यंत संस्थेकडे किती जमा. रक्कम संस्थेकडून विचारूनच लिहा.

परत आल्यावर

परतीला मडगावहून रेल्वे सोयीची. सायकल पार्सल कार्यालयात सामान म्हणून नोंदवावी लागते, गाडीच्या दोन तास आधी पोचा. पेडल काढा, हँडल आडवं करा, चेनवर जुनं कापड गुंडाळा आणि सायकलवर दोन ठिकाणी नाव-फोन बांधा.

घरी आलात की आठवड्याच्या आत संस्थेत जा आणि तीन आकडे लेखी घ्या: एकूण जमा, देणगीदारांची संख्या, आणि पैसे कशावर खर्च होणार. ते प्रत्येक देणगीदाराला पाठवा, ज्यानं ५१ रुपये दिले त्यालाही. मग एप्रिलमध्ये पुन्हा एकदा कळवा. आमचा एप्रिलचा निरोप असा होता: “तांदूळ, डाळ, तेल आणि गॅस यांवर तुमचे पैसे संपले. हंगाम संपवून आईवडील परत आलेत. बेचाळीस मुलांपैकी एकेचाळीस परीक्षेला बसली. उरलेली एक मुलगी जानेवारीत आईबरोबर फडावर गेली होती. तिच्या पाड्यावर वसतिगृहाच्या ताई उद्या जाणार आहेत.”